तांबड्या सोंगटीची तीन घरं

चाकूरच्या महादेवाच्या ओसरीवर श्रावणात सोंगट्यांचा पट पडायचा आणि एकच डाव महिनाभर चालायचा. दुपारी मांडायचा, दिवेलागणीला गुंडाळायचा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. खेळणारे चौघं नुसते खेळत नसत, सोंग घेऊन बसत. तांबडा राजा, पिवळा प्रधान, हिरवा वाणी आणि काळा जोगी. ओसरीची पायरी चढली की राजानं राजासारखं बोलायचं, वाण्यानं घासाघीस करायची, जोग्यानं झोळी पसरून कवड्या मागायच्या. तंटा झाला तर निवाडा राजाचा. तो सगळ्यांनी मानायचा, खुद्द राजानंसुद्धा.

पाचवा माणूस साक्षी. संध्याकाळी कोणाची सोंगटी कोणत्या घरात उभी आहे ते डोक्यात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सोळा सोंगट्या जागच्या जागी मांडायच्या. लिहून ठेवायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचंही नाही, मग डोळ्यांदेखत काहीही घडो. असल्या कामाला कोण पुढं येणार? तुळजाबाईचे सासरे साक्षी होते. त्यांचे डोळे गेले तेव्हा सून शेजारी बसून त्यांना पट सांगू लागली आणि म्हातारा गेल्यावर ती जागा तिच्याकडेच राहिली. ओसरी झाडणं, खेळणाऱ्यांना पाणी देणं, फाटला पट शिवणं हेही मग तिच्याच गळ्यात पडलं. काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर आणखी काम टाकायला आपले लोक मोठे हुशार.

बहात्तरच्या श्रावणात पाऊस आलाच नाही. एकेक घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघालं आणि डाव अर्ध्यात थांबवायचं ठरलं. त्या शेवटच्या संध्याकाळी राजाच्या सोंगात होता वीरभद्र, कापडदुकानदार, कपाळाला ठसठशीत भस्म आणि आवाज भारदस्त. त्याची एक तांबडी सोंगटी उघड्यावर होती, आणि जोगी झालेल्या रामकिशनची काळी तिच्या पाठीवर. आणखी तीन घरं पुढं फुली होती. फुलीच्या घरातली सोंगटी मारता येत नाही. तुळजाबाई आडावर पाण्याला गेली, बाकीचे तिघं अंगणात आभाळ बघत उभे राहिले आणि राजानं आपली तांबडी गुपचूप तीन घरं पुढं सरकवली. का, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. सगळंच हातचं चाललं होतं, निदान हे तरी राहू दे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असेल. तुळजाबाईनं घागर टेकवली, पटाकडे एक नजर टाकली आणि पट गुंडाळला.

रामकिशन त्या साली बायको घेऊन नांदेडला गेला तो तिकडंच एसटीच्या कारखान्यात लागला. अर्धवट डावावर नवा डाव टाकायचा नाही आणि डाव त्याच चौघांनी संपवायचा, अशी रीत. त्यामुळं दहा वर्षं पट कोनाड्यात पडून राहिला. वीरभद्र मात्र दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, जिंकत आलेला डाव दुष्काळानं मोडला हो. सांगून सांगून ते त्यालाही जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

आणि ब्याऐंशी साली, श्रावणातच, लातूर जिल्हा व्हायचा होता. कामासाठी उस्मानाबादचे हेलपाटे संपणार म्हणून लोक खूश, आणि रामकिशन त्याहून खूश, कारण त्याला लातूरची बदली मिळाली. त्याचं पत्र आलं, की शेवटच्या सोमवारी येतो, डाव पुरा करू. जिल्हा व्हायचा होता तोही त्याच सोमवारी. देवळाच्या मंडळानं ठरवलं, या मुहूर्तावर दहा वर्षं ज्यांनी ज्यांनी ओसरी आणि खेळ जपला त्यांचा सत्कार करायचा, मग पट मांडायचा. नावांची यादी करायचं काम अर्थातच वीरभद्रप्पाकडं आलं, कारण शालींचं कापड त्याच्याच दुकानातलं.

यादी झाली अकरा जणांची. ओसरीचे पत्रे बदलणारा, दिव्याला तेल पुरवणारा, एकदाच प्रसादाला साखर दिलेला एक जण, सगळे होते. तुळजाबाई नव्हती. तिचं नाव लिहायला वीरभद्रानं दोनदा पेन उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. तिला शाल द्यायची म्हणजे साक्षी म्हणून द्यायची, आणि साक्षी म्हटलं की पट तिनंच मांडायचा.  साठीची बाई, खडीनं बोटं वाकडी झालेली, एवढ्या वर्षांचं तिच्या काय ध्यानात असणार, आपणच मांडलं तर तिचेच कष्ट वाचतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. माणूस वाईट नव्हता. एकदा केलेली लबाडी निस्तरता येत नव्हती, एवढंच.

सोमवारी दुपारी ओसरी भरून गेली. शाली झाल्या, नारळ झाले. तुळजाबाई नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसली होती. अकराही नावांना तिनं टाळी वाजवली. ते पाहून वीरभद्राला कसंसंच झालं, पण त्यानं पट उलगडायला हात पुढं केला. आक्का थकल्या आहेत, मीच मांडतो, असं तो म्हणाला. प्रधानाच्या जागी बसलेला शरणप्पा मान डोलावणारच होता, पण रामकिशननं पटावर हात ठेवला.

"ते चालायचं न्हाई, अप्पा," तो म्हणाला. "दहा साल मी नांदेडात ह्या डावाचा इचार करून राहिलो. साक्षीनंच मांडायचा."

वीरभद्रानं हात मागं घेतला. मग तुळजाबाई उठली, पदर खोचून पटाशी बसली आणि सोंगट्यांची पिशवी उपडी केली. पिवळ्या चार ठेवल्या. हिरव्या चार ठेवल्या. वाणी झालेला व्यंकट वाकून बघत होता, तो हळूच म्हणाला, हाव, इथंच होती. काळ्या चार लागल्या. तांबड्या तीन लागल्या. एकदाही तिचा हात अडला नाही.  चौथी तांबडी तिनं तळहातावर घेतली आणि तशीच बसून राहिली.

ती विचारणार नाही, हे वीरभद्राला कळत होतं. साक्षीनं विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं. काही न बोलता हात पुढं करून त्यानं ती सोंगटी फुलीवर ठेवली असती तरी चालून गेलं असतं. तिच्या तोंडून शब्द निघाला नसता, उद्या नाही आणि मरेपर्यंत नाही. तेच त्याला सोसेना. ज्या बाईला आपण अकरात बसवलं नाही ती आपली अब्रू तळहातावर धरून बसली आहे, हे बघून त्याचे डोळे भरून आले.

"आक्का," त्यानं विचारलं, "ही कुठं होती?"

"कवाची सांगू, अप्पा?" तुळजाबाई सावकाश म्हणाली. "म्या पाण्याला जायच्या आदीची, का आल्यावरची?"

ओसरीवर कोणाला काही कळलं नाही. चौघांना मात्र कळलं. रामकिशन पटाकडे बघत राहिला, मग वीरभद्राकडं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग आला की नुसतंच आश्चर्य, ते काही सांगता येत नव्हतं.

"आधीची," वीरभद्र म्हणाला.

तिनं सोंगटी ठेवली. फुलीच्या मागं तीन घरं, उघड्यावर.

मग वीरभद्रानं सगळ्यांदेखत काय घडलं ते सांगितलं, कुठलीही सारवासारव न करता. आवाजातला भारदस्तपणा कुठल्या कुठं गेला होता. शरणप्पा म्हणाला, जाऊ द्या हो, दुष्काळातली गोष्ट, कोणाची मती ठिकाणावर होती. पण तंटा झाला की निवाडा राजाचा, आणि राजा पायरी उतरला नव्हता. वीरभद्रानं पाठ ताठ केली आणि राजाच्या आवाजात निवाडा दिला. घर चोरणाऱ्यानं उरलेला श्रावण पटावर बसायचं नाही, साक्षीचं काम करायचं. उरलेला श्रावण म्हणजे तीनच दिवस, असं मागून कोणीतरी पुटपुटलं, तेव्हा त्यानं पुढचा अख्खा श्रावणही जोडला. आणि राजाच्या जागी तुळजाबाईनं बसायचं. डाव त्याच चौघांनी संपवायचा ही रीत व्यंकटनं काढून पाहिली, पण रामकिशन म्हणाला की हा डाव कोणी जिवंत ठेवला असेल तर हिनंच, मग हिच्याइतका हक्क कोणाचा? वीरभद्र उठून खांबाशी जाऊन बसला. जाताना त्यानं आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या खांद्यावर टाकलं, कारण शाली संपल्या होत्या.

तुळजाबाई बराच वेळ अवघडून बसली. मग रामकिशननं झोळी पसरून, राजे, गरिबाला कवड्या द्या, असं म्हटलं, तेव्हा ती जी बोलायला लागली ती दिवेलागणीपर्यंत थांबली नाही. रामकिशननं दुसऱ्याच दानाला तिची ती तांबडी मारली आणि राजानं भर दरबारात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोक पोट धरून हसले. साक्षी म्हणून गप्प बसलेल्या तीस वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते.

मंगळवारी वीरभद्र लवकर आला. ओसरी झाडली, घागर भरली, पट उलगडला, सोंगट्या पुढ्यात घेतल्या आणि त्याचा हात तिथंच थांबला. फक्त रात्र मध्ये गेली होती. पाच सोंगट्यांची जागा त्याला आठवली आणि सहावीला सगळा पट डोळ्यांपुढं फिरायला लागला. शेवटी तो उठून तिच्या दाराशी गेला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आक्का, एका रात्रीत इसरलो. तुम्ही दहा वर्षं कसं ध्यानात ठेवलंत?"

तुळजाबाईनं पिठाचे हात झटकले आणि हसली.

"खडी फोडाया जात होतो न्हवं. दुपारच्याला सुकडी खाऊन झाली की सोळा खडे मांडायची. बाया म्हनायच्या, उन्हानं येडी झाली. मंग काम सुटलं तरी सवय सुटंना, हितं चुलीम्होरं मांडायची."

"पण कशासाठी? कोणी परत खेळेल असं त्या साली कोणाला वाटत होतं?"

"मला वाटत हुतं," ती म्हणाली. "तुमी समदे परत याल आन् इचाराल, आक्का, कुठं होतो आपण? तवा सांगाया कुनीतरी पायजे का न्हाई?"

वीरभद्रानं खाली पाहिलं. चुलीजवळ, राखेच्या कडेला, सोळा खडे मांडलेले होते. कालचाच डाव होता तो. तो खाली बसला आणि एकेक घर पाठ करू लागला.