पियानोच्या बदल्यातलं नाणं

लॅम्बर्टने खिशातून भिंग काढलं आणि मी खुर्ची पुढे ओढली.

टेबलावर माझा १७०३चा क्राउन होता, जुनं इंग्रजी नाणं. चांदीचा, ॲन राणीचा, तिच्या छबीखाली ‘विगो’ अशी अक्षरं. विगोच्या बंदरात स्पॅनिश जहाजांवरून लुटलेल्या चांदीतला. एकतीस वर्षांपूर्वी तो घ्यायला माझ्या बायकोने, डॉर्कसने, माहेरचा पियानो विकला. ‘नको’ म्हणायला माझी जीभ काय झडली होती? अजूनही स्वतःची चीड येते.

गेल्या महिन्यात आमच्या नाणेसंग्राहक मंडळात बातमी फुटली. मला तो विकणाऱ्या दुकानदाराने त्या वर्षी साच्यात ओतलेले खोटे क्राउन खपवले होते. दोघांचे तसे निघालेही. म्हणून मंडळातल्याच लॅम्बर्टला बोलावलं. ॲन राणी आणि पहिल्या जॉर्ज राजाची चांदीची नाणी या माणसाने चाळीस वर्षं पाहिलीयत.

“काय रे लॅम्बर्ट, नाणं बघतोयस की अंडं उबवतोयस?” डॉर्कस म्हणाली. हसली, पण तिची नजर नाण्यावरच होती.

“गप गं जरा!” मी खेकसलो.

लॅम्बर्ट कडेवरची अक्षरं वाचत होता. एका जागी थांबला. पुढे गेला, परत तिथेच आला. त्याचे कान लाल झाले.

“अस्सल आहे,” तो म्हणाला. “शंभर नंबरी.”

“बघ! उगाच महिनाभर जिवाला घोर लावून घेतलास. माझा पियानो काही पाण्यात गेला नाही,” म्हणत डॉर्कस चहा ओतायला वळली.

लॅम्बर्टने नाणं माझ्यापुढे धरलं. त्याचा अख्खा अंगठा राणीच्या गालावर टेकलेला होता.

आम्ही जुनी चांदी फक्त कडेला धरतो. घामाचं बोट लागलं की डाग कायमचा. याच कारणासाठी लॅम्बर्टने एकदा भर सभेत पाद्रीबुवांच्या हातावर चापटी मारली होती. अस्सल नाण्यावर त्याचा अंगठा झोपेतसुद्धा पडला नसता.

त्यालाही ते उमगलं. त्याने मान खाली घातली. गाढवा, खोटं तरी नीट बोलायचंस! मला रडू फुटलं. नाण्यासाठी नाही, तिच्या पियानोसाठी.

“काय झालं रे?” डॉर्कसने पाठमोरीच विचारलं.

“काही नाही गं. बरं वाटलं.”

ती कप घेऊन वळली, तेव्हा मी ते नाणं दोन बोटांनी, अगदी कडेला धरून, जपून खणात ठेवत होतो.