थांबायची जागा

केशरने तेलाची बुधली दोन्ही हातांनी उचलली आणि गुणगुणणं थांबवलं. श्वासही धरला. तेलाची बारीक धार नंदादीपात पडत राहिली. तेल काठाशी आलं तशी केशरने बुधली अलगद उभी केली, फडक्यानं तिचं तोंड पुसलं आणि जिथं सूर सोडला होता तिथूनच पुन्हा उचलला. ओठ मिटलेलेच होते. दिव्यापाशी तोंड उघडायचं नाही, उष्टा वारा ज्योतीला लागतो, असं सासूनं सांगून ठेवलं होतं. सासूला ती आत्ती म्हणायची. आत्ती हेच गाणं जात्यावर शब्दांसकट म्हणत असे. ती गेल्यावर केशरपाशी राहिली ती नुसती चाल आणि चातुर्मासातला हा अखंड दिवा.

परशू उंबऱ्याबाहेर बसून पोटरीला चिकटलेल्या जळवांना चुना लावत होता. स्टेशनापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर पावसाळाभर जळवांचाच मुक्काम. एक गळून पायरीवर पडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो आत, दिव्याकडं बघत होता.

“झालं?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“मग मी बसतो जरा.”

“बसा की.”

तो उठून बाजूच्या लाकडांच्या छपरात गेला. देवाचं आटोपल्याशिवाय हा माणूस त्या गिटारीला हात लावत नाही, याचं केशरला मनातून बरं वाटायचं. भाकरी झाकून ती म्हशीची धार काढायला गोठ्यात गेली. चातुर्मासात ती एकच वेळ जेवायची, दिवा भरून झाल्यावर. पण परशू वाजवून उठेपर्यंत तीही ताट घेत नसे. “तू जेव, माझी वाट कशाला बघतीस?” असं तो म्हणायचा. “तुमचं हू दे,” एवढंच ती म्हणायची.

ती गिटार कायतानची. कायतान गोव्याकडच्या गाडीवर गार्ड होता. घाट चढून गाडी कॅसलरॉकला आली, की सरहद्दीच्या नाक्यावरची तपासणी होईस्तोवर तो रिकामा असे. गाडीत त्याच्या पेटीशेजारी एक गिटार नेहमी असायची. परशू स्टेशनावर सांधेवाला. येणाऱ्या गाडीला सांधा धरून वाट करून द्यायची, जाणाऱ्या गाडीला कंदील दाखवायचा, आणि पुन्हा पुढच्या गाडीची वाट बघायची, हेच त्याचं काम. कधी कुणाकडं काही मागितलेला माणूस नव्हे. उन्हाळ्यात एकदा कायतान त्यांच्या ओसरीवर बसून वाजवत होता, तेव्हा बराच वेळ ऐकून परशूनं विचारलं होतं, “आपल्याला जमंल काय वं हे?”

केशर त्या वेळी म्हशीला पेंड घालत होती. घमेलं तसंच हातात धरून ती वळून बघत राहिली होती. लग्न होऊन आल्यापासून असं काही विचारताना तिनं त्याला ऐकलं नव्हतं.

कायताननं गिटारच त्याच्या मांडीवर ठेवली होती.

“जमता रे. पूण रोज वाजवूंक जाय. थोडं वाजव, पूण रोज. समजलं? दसऱ्याला मी पेन्शनीत जातो. तवसर एक गत आदीपासून अखेरपर्यंत वाजव, ही गितार तुझी. न्हाय वाजली तर म्हज्या भाच्याला देतलों. वाजपाविना ठेवली की मरता ती.”

केशर पुढं येऊन तारांना बोट लावणार, एवढ्यात तिला शंका आली.

“कसल्या तारा ह्या, बाब?”

“ह्यो तीन, वयनी, चांदीची तार गुंडाळलेल्यो. बाकीच्यो तात. बकऱ्याच्या आतड्याची.”

तिनं बोट मागं घेतलं.

“मग आत यायची न्हाई ही,” ती परशूला म्हणाली. आवाज चढवून नव्हे, चहात साखर घालायची नाही असं सांगावं तसं. परशूनं मान हलवली आणि लाकडांच्या छपरात एक खिळा ठोकला.

पाऊस लागेपर्यंत बरं चाललं; गाडी थांबली की कायतान येऊन बोटं कुठं ठेवायची ते दाखवून जायचा. मग कॅसलरॉकचा पाऊस सुरू झाला. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, कपड्यांना बुरशी आली, आणि छपरातल्या गिटारीच्या ताती ओल धरून सैल पडू लागल्या. परशूची पाळी आठवड्याला बदलायची. दिवसपाळीला संध्याकाळच्या शेवटच्या गाडीआधी थोडा वेळ मिळायचा, रातपाळीला तिन्हीसांजेला कामावर जाण्याआधी. त्या तेवढ्या वेळात तो खुंट्या पिळत बसायचा. एक तात जुळली की दुसरी उतरायची. सगळ्या जुळल्या की दोन-चार सूर वाजत, पत्र्यावरच्या पावसात त्यांतले निम्मे बुडून जात, आणि तेवढ्यात स्टेशनावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडे. म्हणजे घाटाखालून गाडी सुटली. परशू गिटार खिळ्याला अडकवी, घोंगडी डोक्यावर घेई आणि निघे.

जे काही वाजे ते एका जागी येऊन थांबायचं. रोज तिथंच. मग पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या बाळीनं ते हेरलं होतं. बाळी अर्जुन गँगमनची बायको. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

“काय गं केशर, तुझ्या दाल्ल्याची गाडी आजबी त्याच वळणावर अडली काय?” नळावर घागर टेकवत ती म्हणाली. “मागनं दुसरं इंजन लाव म्हणावं!”

सगळ्या बायका हसल्या. केशरही हसली. घागर उचलताना मात्र पाणी तिच्या खांद्यावर हिंदकळलं.

“तुझा अर्जुन तर शिट्टीबी वाजवत न्हाई,” ती जाता जाता म्हणाली.

“न्हाई बाई, त्यो नुस्ता घोरतोय. पण न थांबता!”

श्रावण सुरू झाला त्या आठवड्यात परशू कामावरून आला, चुना न लावताच छपरात गेला आणि पोतं घेऊन बसला. केशर दारात आली तेव्हा तो गिटार पोत्यात गुंडाळत होता.

“काय करालाय?”

“बांधून ठेवतो. कायतानबाब आला की देऊन टाकायची.”

“दसरा लांब हाय अजून.”

“दसरा लांब हाय गं. वेळ कुठं हाय?” तो चिडला नव्हता. सुतळीची गाठ मारत तो म्हणाला, “हाय तेवढा सगळा खुंट्या पिळण्यात जातोय. वाजवायला काय उरतच न्हाई. पोराबाळांचा खेळ झालाय निस्ता. भाच्याकडं गेली तर जगंल तरी.”

त्या दिवशी वाजवणं नव्हतंच, म्हणून केशरनं लगेच ताटं वाढली. दोघंही जेवली. लवकर जेवायला मिळालं होतं, पण तिनं अर्धी भाकरी परत झाकून ठेवली. पहाटे उठून म्हैस, दूध घालायला स्टेशनमास्तरापर्यंत चिखलातून फेरी, मग लोकांचं भात कांडणं, पुन्हा म्हैस. या सगळ्यात तिचा दिवा कधी चुकला नव्हता. आत्तीनं पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, दिव्याचं आधी ठरव आणि बाकीचं त्याच्याभोवती लाव. परशूनंही गिटारीचं तसंच तर केलं होतं. त्याच्याकडून चुकलं कुठं, ते तिला सापडेना.

सोमवारी मारुतीच्या देवळात भजन होतं. केशर बायकांत, खांबाला टेकून बसली होती. गोपाळबुवांनी मृदंगावर थाप मारली, तर ओल्या गोणीवर मारावी तसा आवाज आला. पोरं फिदीफिदी हसली.

“हसू नगा रं,” बुवा म्हणाले. “कातडं हाय, ओल धरणारच.”

ते उठले, मृदंग सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी घेऊन गेले आणि समईच्या धगीला धरून बसले. एक तोंड शेकलं, उलटवून दुसरं शेकलं. मधून मधून बोट मारून ऐकत होते. देवाच्या इतक्या जवळ, की गंधाची वाटी त्यांना हातानं सरकवावी लागली. कुणी काही म्हणालं नाही. केशरही दर पावसाळ्यात हे बघत आली होती. आज तिची नजर तिथून हलेना. भजन सुरू झालं, मृदंग खणखणीत बोलू लागला, तरी ती समईकडंच बघत होती.

घरी येऊन तिनं दिवा ठेवलेल्या देवळीशेजारचा डबा उघडला. आत वळून ठेवलेल्या वाती होत्या. तिनं एक बोटांत चुरडली. कोरडी ठणठणीत. एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला रात्रंदिवस दिवा. सगळ्या घरात तेवढाच कोपरा पावसाळ्याला दाद देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी परशू कामावर गेल्यावर तिनं पुन्हा अंघोळ केली. छपरात जाऊन सुतळी सोडली. पोतं बाजूला केलं, आणि आतली गिटार हातात घ्यायच्या आधी जरा थांबली. मग पदर न गुंडाळता, उघड्या हातांनीच ती उचलली. वाटली होती त्यापेक्षा किती हलकी. नुकतं जन्मलेलं रेडकू उचलावं तशी छातीशी धरून ती आत घेऊन आली. देवळीखाली पाट मांडला, त्यावर धुतलेलं फडकं, त्यावर गिटार. दिव्यापासून हातभर अंतर ठेवलं.

“आत्ती, रागवू नगा,” ती म्हणाली, आणि दिव्यापाशी आपण तोंड उघडलं हे मागून तिच्या लक्षात आलं.

परशू आला. छपरात रिकामं पोतं बघून तो तसाच दारात उभा राहिला.

“कायतानबाब येऊन गेला?”

“न्हाई.”

“मग गितार?”

“आत हाय.” केशर भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. “पाय धुवून घ्या.”

त्यानं पाय धुतले. आत एक पाऊल टाकून पुन्हा बाहेर गेला आणि हातही धुऊन आला. पाटासमोर बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग एका तातीला अंगठ्यानं हलकेच छेडलं. सूर निघाला, आणि निघाला तिथंच राहिला, घसरला नाही. त्यानं वळून केशरकडं बघितलं. ती भाकरी उलटत होती.

“तुमचं वाजवणं भायेरच,” ती म्हणाली. “ठेवायला आणा हितं.”

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. दिवा भरून झाला, की परशू पाटावरची गिटार उचलून छपरात न्यायचा आणि टोल पडला की पळत येऊन पाटावर ठेवायचा. खुंट्या पिळणं जवळजवळ संपलं. तिन्हीसांजेला म्हशीची धार काढायची असल्यानं केशर तेव्हा गोठ्यात असे. गोठ्याच्या पत्र्यावर पावसाचा असा मारा, की ऐकू येत ते तुटक तुकडेच. एवढं कळायचं, की आता ते पुष्कळ पुढं जातं आहे. आणि हेही, की त्या जागी ते अजून थांबतंच. बाळीनंही कुंपणावरून सांगितलं, “इंजन बदललं वाटतं. पण वळण तेच की गं!”

केशर धार काढता काढता ते थांबणं ऐकायची आणि तिचेही हात थांबायचे. दसरा जवळ येत होता. आदीपासून अखेरपर्यंत, म्हणाला होता कायतान. देवाकडं मागावं का, असं तिला एकदा वाटलं. पण हा दिवा तिनं कधी काही मागून लावला नव्हता. तिनं फक्त वात जरा पुढं सरकवली.

कायतान आला त्या संध्याकाळी आभाळ उघडलं होतं. हातात टोपी, अंगात धुतलेला कोट. ही त्याची शेवटची खेप. लाकडांच्या छपरात ओंडक्यावर बसत तो म्हणाला, “चल रे, वाजव. गाडी फार वेळ रावची न्हाय.”

बाळी कुंपणाशी आलीच होती, कडेवर पोर घेऊन. केशरला गोठ्यात जायचं होतं. ती गेली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

गाडी थांबायची नव्हती, म्हणून आज दिवा भरायच्या आधीच परशूनं गिटार मांडीवर घेतली. कायताननं आधी तातींवरून बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या.

“ह्या पावसांत ताती इतक्या बऱ्यो कश्यो?”

“देवाजवळ असतीया ती,” परशू म्हणाला.

मग तो वाजवू लागला. पाऊस नव्हता, वारा नव्हता. सूर एकामागून एक, सावकाश, कुठं न चुकता येत राहिले. केशरला वाटलं, हे आपण कुठंतरी ऐकलं आहे. कुठं ते आठवण्याआधीच ती जागा आली आणि परशू थांबला.

बाळीनं तोंडाला पदर लावला. केशरनं डोळे मिटून घेतले.

“थांबलास कित्याक?” कायतान हळूच म्हणाला.

परशूनं मान हलवली. “थांबायचंच हाय हितं.”

केशरनं डोळे उघडले. परशूचा हात तातींच्या वर थोडा उचललेला, तसाच धरलेला होता. ओठ मिटलेले. श्वासही त्यानं धरला होता, जसं काही हाताशी काठोकाठ भरत आलेलं आहे आणि हललं तर सांडेल. मग, जेवढा वेळ लागतो तेवढा झाल्यावर, जिथं सूर सोडला होता तिथूनच त्यानं तो पुन्हा उचलला.

केशरनं चौकट सोडली होती. तिचे दोन्ही हात पोटाशी, एकावर एक आले होते, बुधली धरल्यासारखे.

गत संपली. कायतान थोडा वेळ टोपी फिरवत बसला.

“ही मी न्हाय शिकवली तुला,” तो म्हणाला. “खंयची ही?”

“हितलीच,” परशू म्हणाला आणि खाली बघून एक खुंटी उगीचच चाचपू लागला.

नाक्याकडून शिट्टी झाली. कायतान उठला. त्यानं गिटारीच्या पाठीवर एकदा हात ठेवला, केशरला “येतों, वयनी” म्हणाला आणि रिकाम्या हातांनी स्टेशनाकडं चालू लागला. कुंपणाशी बाळी पोराला काहीतरी दाखवत होती.

केशर आत आली. हातपाय धुऊन दिव्यापाशी बसली आणि ओठ मिटून गुणगुणू लागली. उंबऱ्याबाहेर परशू नेहमीसारखा येऊन बसला होता. ती जागा आली, तशी तिनं बुधली उचलली, सूर सोडला आणि श्वास धरला.

त्या दिवशी तिनं तेल जरा सावकाशच ओतलं.