कोरडी पट्टी

अठ्ठ्याहत्तर सालचा कार्तिक होता. गावच्या तळ्यात शिंगाडे काढताना ह्यांच्या तळपायात काटा घुसला. तसा तो दरवर्षीच घुसतो. या खेपेस मात्र थंडी वाजून ताप भरला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि ह्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, "तळ्याच्या पाण्यातले जंतू रक्तात गेलेत. काटे सगळ्यांनाच लागतात, असं होतं एखाद्यालाच. जखम कोरडी ठेवा. पुन्हा ताप चढला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मी खाटेशीच बसून राहिले. लग्नापासून कार्तिकात पहाटेची तळ्यातली अंघोळ कधी चुकली नव्हती. आता नळाखाली तोंड धुवायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि पुन्हा ह्यांच्या कपाळाला हात लावून बघायचा.

इंजेक्शनांनी ताप उतरला आणि पुन्हा चढला. सिस्टरने पट्टी सोडली तर ती ओलीचिंब.

"कोण भिजवून राहिलं हे?"

सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, मोहाडीच्या बसने आणलेली बाटली पदराखाली सारली. तळ्यात अंघोळ करून त्या रोज तिथलंच पाणी भरून आणायच्या आणि माझी पाठ वळली की तीर्थ म्हणून पायावर सोडायच्या.

सिस्टर गेल्यावर हे क्षीण आवाजात म्हणाले, "माय, मी का शिंगाडा हाओ? कायले पाण्यात ठेवून राहिली मले?"

"चूप रे ईश्वर! तुह्या बापाचं गळू याच पाण्यानं बसलं होतं."

मामींशी वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि त्यांच्या व्रताला खोटं म्हणायला जीभही वळेना. पण ह्यांचे डोळे आत गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तशी मी दारातच आडवी आले. "मामी, माही कार्तिकाची अंघोळ राहून गेली. ते पाणी मले द्या."

"अन् याले?"

"मी नेमानं राहिली तरच ना ह्यांले गुण येईल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या हातापायांना कुठे ओरखडा नाही, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. मागच्या आवारात मी खाली बसले. मामींनी बाटली माझ्या डोक्यावर धरली. गार पाणी मानेवरून उतरलं. तळ्याचा तो शेवाळाचा वास आला आणि इतक्या दिवसांचं रडू आलं. बाटली रिकामी झाली तरी त्या ती उलटीच धरून होत्या.

आत येऊन त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि मग लेकाच्या पायावर ठेवले. पट्टी कोरडी होती. अंग अजून तापलेलंच होतं.

"उद्या मोठी बाटली आणतो," त्या हळूच म्हणाल्या. "तुह्ये केस लांब आहेत."