वास जाईपर्यंत

मार्गशीर्षातली सकाळ. डोंगरउतारावर धुक्याचे धवल, धूसर, विरत जाणारे पदर; पोफळींच्या शेंड्यांवर कोवळ्या उन्हाचा केशरी शिडकावा; खाली नदीचं नीलमंथर पाणी. सावंतवाडीपलीकडच्या त्या गावाच्या कडेला, आपल्या कारखान्यात, फणसाच्या लाकडाच्या पिवळ्याधमक भुशात पाय रुतवून विश्राम चितारी उभा होता.

चाळीस वर्षं त्याने लाकडाला कांती दिली होती. पाट, पाळणे, चौरंग. लाखेची लाली, हिंगुळाची झळाळी. लाकडात माणसाला आपला चेहरा दिसला पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

श्रावणात त्याने एक पेटी केली होती. नदीकाठच्या प्राण्यांच्या उपचारघरात एक जखमी अजगर होता, त्याच्यासाठी. काचेचं दार, फणसाच्या फळ्या, आणि आतबाहेर थिनरमध्ये कालवलेलं आरसपानी पॉलिश. पॉलिश लावल्याच्या तिसऱ्याच दिवशी पेटी पोचली. नवव्या दिवशी अजगर मेला. मान उंच ताणलेली, जबडा उघडा. श्वासासाठी वर, आणखी वर.

विश्रामला कुणी बोल लावला नाही.

आता दुसरा अजगर आला होता. मादी. मासेमारीच्या जाळ्यात गुंतलेली, सोनतपकिरी खवल्यांवर दोरीचे रक्तवर्णी वळसे. उपचारघराच्या डॉक्टर इरावती नाबर स्वतःच कारखान्यात आल्या.

“विश्रामकाका, पेटी हवीय. पण या वेळी लेप दोघांनी मिळून ठरवू.”

विश्रामने लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे पुढे ठेवले. “ह्येच्यात वायट काय नाय. पोरांनी खेळणी तोंडात घातली तरी काय होणा नाय.” मग स्वतःच थबकला. पेटीत पाण्याचं भांडं असणार, दमट ऊब असणार. ओलीत लाख पांढरी पडते, सुटते. जवसाचं तेल? ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, आणि दमटपणात त्यावर बुरशी धरते. शेवटी उरला पाण्यात कालवायचा, लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर. दुधाळ, मंद, निस्तेज. त्यात कुणाचा चेहरा दिसणार नव्हता.

“डब्यावर लिहिलंय, दोन तासांत सुकतं,” डॉक्टर म्हणाल्या. “ते हाताला सुकणं. श्वासाला सुकायला तीन आठवडे तरी लागतात. तुम्ही रोज आत डोकं घालून बघा. वास पूर्ण जाईपर्यंत पेटी द्यायची नाही.”

विश्रामने हातातला ब्रश खाली ठेवला.

“माका वास येणा नाय, डॉक्टरबाई.”

भुशावरचं ऊन किंचित सरकलं.

“धा वर्सां झाली. थिनरान नाक खाल्ल्यान. कोणाक सांगूक नाय, घरकारणीकय नाय. ती पयली पेटी सुकली काय नाय, माका कळलांच नाय.” तो थांबला. “माझ्यामुळाच गेलो ना तो?”

डॉक्टरांनी एका पिवळ्या फळीवरचा भुसा हाताने झटकला.

“मला वास आला होता, काका. थोडा. म्हटलं, उडून जाईल. घाई होती. मीच त्याला आत ठेवला.”

कुणी कुणाला क्षमा केली नाही. कुणी रडलं नाही. बाहेर पोफळी हलत होत्या, एवढंच.

त्याच संध्याकाळी विश्रामने बायकोला, आनंदीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणान आमटी करपली तरी गप जेवायचास!” आणि पदराने उगाचच ओटा पुसत राहिली.

मग घासणं. मग लेप, पातळ, एकसारखा, फळीच्या सांध्यासांध्यात भिनणारा. मग पुन्हा घासणं, पुन्हा लेप. तिसरा हात झाल्यावर पेटी पडवीत ठेवली, दार सताड उघडं, वाऱ्याच्या वाटेवर. रोज सकाळी आनंदी आत डोकं घाली, डोळे मिटी.

“येता अजून.”

तिकडे उपचारघरात मादी प्लास्टिकच्या टबात पडून होती. भोवती गरम पाण्याच्या बाटल्या. त्या निवत, डॉक्टर पुन्हा भरत. थंडी वाढत गेली. मादी खाईना. अठराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

“काका, झाली का हो? आज ती हललीच नाही.”

विश्रामने आनंदीकडे पाहिलं. आनंदीने पेटीतून डोकं काढलं, अंगठा आणि बोट जवळ आणलं.

“थोडो आसा,” विश्राम म्हणाला.

पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, “थोडा म्हणजे आहे. थांबू या.”

चोविसाव्या सकाळी आनंदीने डोकं घातलं ते काढलंच नाही. विश्राम वहाणा न घालता अंगणात उभा.

“काय गो?”

“फणसाचो वास,” आतून आवाज आला. “नुसत्या फणसाचो.”

पेटी त्याच दुपारी टेम्पोतून गेली.

पौष सरता सरता विश्राम उपचारघरात आला. काचेआड ती वेटोळं घालून पडली होती. तोंड मिटलेलं, कूस संथ, समतोल, वरखाली होत. डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही हातांवर तिची कात ठेवली. नऊ फूट लांब, अखंड, एकही चीर नसलेली, निरोगी अजगराची असते तशी. दोरीच्या जागी फक्त फिकट रेषा.

त्याने ती खिडकीपाशी उचलून धरली. खवल्याखवल्यातून ऊन झिरपलं, रुपेरी, निर्मळ, निःशब्द. वारा आला. कात हलली, हलकी, हळुवार, लाटेमागून लाट, हलली, आणि स्थिरावली.