उशाकडची जागा

“सही केलीस?” कपाटातून डोकं बाहेर न काढताच बिलकिसबाईंनी विचारलं.

“नाही अजून. पेन शोधतेय,” उल्का म्हणाली. पेन तिच्या ॲप्रनच्या खिशालाच लावलेलं होतं.

तिच्या हातात एक कागद होता. सोमवारपासून डॉ. उल्का यांनी अपघात विभागाऐवजी बाह्यरुग्ण विभागात काम पाहावं, मूल लहान असल्याने त्यांच्या सोयीसाठी हा बदल करण्यात येत आहे, अशा दोन ओळी आणि खाली विभागप्रमुख डॉ. श्रीधर यांची सही. उल्काचं बाळ आठ महिन्यांचं होतं.

“सोय तर आहेच ना मॅडम,” उल्का म्हणाली. “पाचला घरी. धावपळ नाही.”

“हो, आहेच की.”

“मग तुम्ही अशा का बघताय?”

बिलकिसबाई पुन्हा कपाटाकडे वळल्या. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. सत्त्याहत्तर साली त्या इथल्या अपघात विभागात डॉक्टर म्हणून लागल्या, आता दोन हजार नऊ चालू होतं. बत्तीस वर्षांचं सामान एका कापडी पिशवीत मावलं होतं. उरला होता फक्त लाकडी स्टूल, वीतभर उंचीचा, सागवानी, कडा झिजून गुळगुळीत झालेला.

त्या स्टुलाची गोष्ट अशी. या विभागात पहिल्यापासून एक रीत होती. दारावरची घंटा तीनदा वाजली की रुग्ण गंभीर आहे असं समजायचं. मग सगळे खाटेभोवती जमायचे, आणि उशाशी जो उभा राहील त्याचा हुकूम चालायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बिलकिस उशाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा त्या वेळचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, “बाई, तिथं उभं राहायला उंची लागते.” खाट खरोखरच उंच होती आणि बिलकिस बुटकी. सगळे हसले. तीही हसली.

घरी मात्र तिला रडू आवरलं नाही. तिचे अब्बा करीमभाई सुतार होते. शनिवार पेठेतल्या लोकांची दारं-खिडक्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खाटेची उंची विचारली, आणि त्याच संध्याकाळी रंधा घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी बिलकिस स्टूल घेऊन आली. मोठे डॉक्टर म्हणाले, “वा! बसायची सोय झाली.”

बत्तीस वर्षं त्या स्टुलावर लोक बसलेच. त्यावर पाण्याच्या बादल्या राहिल्या, चहाचे ट्रे राहिले. उशाशी मात्र तो कधी गेला नाही. आधी वरिष्ठ होते. मग चौऱ्याऐंशी साली मुलगा झाला तेव्हा बिलकिसबाईंनाही असाच एक कागद आला. सोयीसाठी. त्यांनी लगेच सही केली आणि सहा वर्षं जखमा बांधण्याच्या खोलीत काढली. परत आल्या तेव्हा श्रीधर नवा लागला होता. छातीत नळी कशी घालायची, हे त्याला बिलकिसबाईंनीच शिकवलं. वर्षभरात तो उशाशी उभा राहू लागला. तो त्यांच्यापेक्षा जेमतेम चार बोटं उंच होता, पण त्याची उंची कुणी मोजली नाही.

पुढे तर अडवणारंही कुणी उरलं नाही. साहेब नसतील तेव्हा बिलकिसबाईच रुग्ण सांभाळत. पण खाटेच्या कडेने वाकून, उशाची जागा मोकळी ठेवून. घरी परतताना बसमध्ये त्या डोळे मिटून त्या जागी उभ्या राहत. तिथून खोली कशी दिसत असेल, याचा विचार करत. वारज्याचा त्यांचा थांबा येईपर्यंत.

घंटा वाजली. एक, दोन, तीन.

कपाट उघडंच राहिलं. हडपसरच्या बाजारात टेंपोतून माल उतरवताना मागचा लोखंडी फाळका गेनबा नावाच्या हमालाच्या छातीवर आदळला होता. त्याचा श्वास लागला होता, ओठ काळेनिळे पडले होते. सोबत त्याचा भाऊ सर्जेराव होता.

“सायेब कुठं हायेत? ओ सिस्टर, डाक्टरला बोलवा की!” तो उल्काला म्हणाला.

फरशी पुसणाऱ्या तुळजाबाईंनी मान वर केली. “ह्या दोघी काय भाजी निवडाय आल्यात? डाक्टरच हायेत त्या. सरका बाजूला.”

श्रीधर वरच्या मजल्यावर बैठकीत होता. कुसुम सिस्टरांनी निरोप धाडला. सगळे सवयीने खाटेच्या दोन्ही कडांना उभे राहिले. उशाशी कुणी नव्हतं.

बिलकिसबाईंनी स्टुलाला हात घातला. आज अडवणारं कुणी नव्हतं, आणि उद्या त्या इथे नसणार होत्या. तीन पावलांचं अंतर. त्यांनी स्टूल उशाशी नेऊन ठेवला, एक पाय वर टाकला, आणि समोर पाहिलं.

उल्का खाटेच्या कडेने वाकून गेनबाची छाती तपासत होती. तिचे हात अचूक चालले होते, पण डोळे दाराकडे लागले होते. साहेबांच्या वाटेकडे. ते डोळे बिलकिसबाईंच्या चांगल्या ओळखीचे होते.

त्यांनी पाय खाली घेतला.

“उल्का, इथं ये. चढ वर.”

“मॅडम, तुम्ही आहात ना...”

“मी कडेला आहे. तू सांग, आम्ही करतो. काय झालंय त्याला?”

उल्का चढली. तिने नजर दारावरून गेनबाकडे वळवली. “डावीकडे श्वास ऐकू येत नाहीये. मानेच्या शिरा फुगल्यात. छातीत हवा कोंडलीय. मॅडम, जाड सुई, दुसऱ्या फासळीखाली. सिस्टर, नळीची तयारी.”

बिलकिसबाईंनी सुई घातली. सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी हवा सुटली. गेनबाने मोठा श्वास घेतला.

तेवढ्यात श्रीधर धापा टाकत आला आणि नेहमीच्या सवयीने उशाकडे निघाला.

“श्रीधर,” सलाइनची बाटली उंच धरून बिलकिसबाई म्हणाल्या, “तिथं डॉक्टर आहेत. तू ही बाटली धर. उंच आहेस.”

कुसुम सिस्टर खोकल्या. श्रीधरने एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा उल्काकडे, आणि बाटली धरली. नळी घालून होईपर्यंत तो ती धरून उभा होता.

गेनबाला वॉर्डात हलवल्यावर त्याने विषय काढला. “मॅडम, तो कागद मी चांगल्या मनानंच काढलाय हो.”

“माझाही कागद चांगल्या मनानंच आला होता. तू तिला विचारलंस का, काय हवंय ते?”

श्रीधर उल्काकडे वळला. “काय हवंय तुम्हाला?”

“दुपारी अर्धा तास,” उल्का म्हणाली, “आणि आतून कडी लागणारी एक खोली. दूध काढून ठेवता येईल अशी. बाकी ड्युटी सगळ्यांना असते तशीच.”

“एवढंच?”

“एवढंच. पण मला वाटलं, हे मागायचं नसतं.”

श्रीधरने तिच्याकडून तो कागद मागून घेतला आणि चार घड्या घालून फाडला. मग डॉक्टरांच्या आरामखोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्या खोलीत बिलकिसबाई बत्तीस वर्षांत कधी टेकल्या नव्हत्या. चादरींच्या गठ्ठ्यांवर टेकत असत. ते त्यांनी आता सांगितलं नाही.

निघताना कुसुम सिस्टर दारापर्यंत आल्या. “मॅडम, पाय वर टाकला होतात. मी पाहिलं. तुम्हाला चढायचं होतं ना?”

“चढायचं होतं गं,” बिलकिसबाई म्हणाल्या. “फार चढायचं होतं.”

मागून उल्का धावत आली. “मॅडम, स्टूल राहिला!”

“घरी कशाला नेऊ? घरी माझे हात सगळीकडे पोचतात.”

पिशवी खांद्याला लावून त्या फाटकापाशी आल्या. रस्त्यापलीकडे बस येताना दिसत होती. तेवढ्यात मागे घंटा वाजली. एक, दोन, तीन. पाय आपसूक वळले. बिलकिसबाईंनी ते थांबवले आणि नुसता कान दिला.

फाटकालगतच्या उघड्या खिडकीतून आतली धावपळ ऐकू आली. मग फरशीवरून लाकूड सरकल्याचा खर्रकन आवाज आला. कडेपासून उशापर्यंत, तीन पावलांचा.

तो थांबेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. बस निघून गेली होती. दुसरी यायला अवकाश होता.