घासलेल्या कडा

"टवकेच हवे होते तर काच कशाला आणली? दगड फोडायचे," शफीक माझ्या कानाशी पुटपुटला. डायवा चार हातांवर उभी होती. मराठी कळत नसलं तरी सूर तिला कळत असावा.

डायवा लिथुआनियाची. चाळीस वर्षं रंगीत काचेच्या खिडक्या घडवते आहे. इंचभर जाड काच ती हातोडीनं फोडते आणि कडांचे टवके मुद्दाम उडवते. तिच्या विल्नियसला हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. मिळेल तेवढा उजेड त्या टवक्यांत अडकवायचा, ही तिची विद्या. इथं आखातात, अल थुमामा भागातल्या एका दवाखान्यासाठी तिनं तीन महिने खपून बासष्ट तुकडे घडवले. मग आठवडाभर घरी जाऊन आली. तोवर आमच्या वर्कशॉपमध्ये बासष्टच्या बासष्ट कडा ग्राइंडरवर गुळगुळीत झाल्या होत्या. इथं टवका उडालेली काच गिऱ्हाईक परत पाठवतं, आम्हाला तेवढंच ठाऊक.

तेव्हापासून डायवा माझ्या हातचा चहा घेईना. शफीकनं हातोडी उचलून दिली, तर आधी पुसायची, मग धरायची. आमचे हे, म्हणजे मॅनेजर गुरुप्रसाद, दोघांच्या मधून फाइल घेऊन फार घाईत जायचे.

आज तिनं मालकांनाच बोलावलं. महमूदसाहेब आले.

"हा माणूस राहणार असेल तर मी जाते," ती म्हणाली. "दुसऱ्याचं काम मारून टाकतो आणि वर चेहरा असा, की जसं काही भांडी घासली."

महमूदसाहेब शफीककडे वळले. "मशीन तू चालवलंस?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

शफीकनं एकदा आमच्या यांच्याकडे पाहिलं. रत्नागिरीहून त्याला यांनीच आणलं होतं, बहिणीच्या लग्नाला रजाही यांनीच दिली होती. आणि हे फाइलमधलं एकच पान तिसऱ्यांदा वाचत होते.

"खलास," महमूदसाहेब म्हणाले. "याचं तिकीट काढा."

"कधीचं काढू?" यांनी विचारलं. आवाज अगदी ऑफिसचा.

शफीकनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले, एकावर एक, नीट.

यांच्याच गाडीतून यांच्याच शेजारी बसून मला ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी जायचं होतं. पंधरा मिनिटांचा रस्ता.

"शफीक म्हणत होता, डायवाबाईंना फोन करून विचारू," मी महमूदसाहेबांना म्हणाले. "कडा घासायला माझ्या नवऱ्यानं लावलं."