धाकट्याची पिवळी गोळी

दुकान दोन खुर्च्यांचं. दाराकडची खुर्ची थोरल्याची, आतली धाकट्याची. भाऊ सख्खे, धंदा न्हाव्याचा, आणि सोरायसिस बापाकडून दोघांनाही आलेला. पण वाटणी काही सारखी झाली नाही. धाकट्याला कोपरं आणि गुडघे एवढंच. थोरल्याला कोपरं, पाठ आणि वर डोकंसुद्धा. लालभडक चट्टे अन् त्यावर चांदीसारखे पापुद्रे. गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या काळ्या कापडावर स्वतःचा कोंडा पडला, की थोरला ब्रश मारत वर त्यालाच सुनवायचा, "डोक्याला तेल लावत जा हो जरा!" असा बेरकी माणूस.

सहा महिन्यांपूर्वी धाकटा गपचूप कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. हळूहळू चट्टे फिके पडले, मग गेलेच. पठ्ठ्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायला लागला. थोरल्याला ते कोपर बघवेना. औषधाच्या दुकानातून त्यानं मनानंच एक जहाल मलम आणलं होतं. लावलं की आठ दिवसांत चट्टे गुल, आणि सोडलं की दुप्पट होऊन हजर.

"दादा, चल की बाईंकडे," धाकटा म्हणायचा.

"तुझी बाई तुला लखलाभ. मी तुला बोट धरून चालायला शिकवलं, आता तू मला दवाखाना शिकव!"

मग एक दिवस मास्तर आले. वीस वर्षं थोरल्याच्या खुर्चीवर बसणारा माणूस. दाराकडची खुर्ची रिकामी, थोरला कापड झटकून उभा. मास्तरांनी त्याच्या कोपराकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि जाऊन आतल्या खुर्चीवर बसले.

"पंख्याचा वारा इथं बरा लागतो," म्हणाले.

पंखा मधोमध होता.

थोरल्याच्या पोटात जे पेटलं ते काही विझेना. धाकट्याची कात्री वाजली की त्याच्या कानात कोणी टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. तो पाळतीवरच राहिला. न्हाव्याच्या दुकानात पाळत ठेवायला मान वळवावी लागत नाही, समोर आरसा असतोच. आरशात त्याला दिसलं, की धाकटा रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाआधी खणातून एक बारकी पिवळी गोळी काढतो आणि घोटभर पाण्याबरोबर घेतो.

'हं! ही होय तुझी जादू!'

सुट्टीच्या दिवशी थोरला शिडी मागायच्या निमित्तानं धाकट्याच्या घरी गेला. भावजय शिडी आणायला मागे वळली, तोवर फ्रिजवरची पिवळ्या गोळ्यांची पट्टी त्याच्या खिशात. विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. विचारलं तर धाकटा मोठा होणार!

त्याच दिवशी त्यानं सुरुवात केली. रोज एक. मनात म्हणाला, बघू आता मास्तर कुठं बसतात ते.

पाचव्या दिवशी तोंड आलं. सहाव्या दिवशी चहाचा घोट घेतला तर निखारा गिळल्यासारखं झालं. सातव्या दिवशी चट्टेच चिरून ओले झाले, पाठीला सदरा चिकटला. गिऱ्हाइकाची दाढी करता करता मधेच वस्तरा खाली ठेवून तो स्टुलावर बसला.

"दादा, तोंड उघड बघू," धाकटा म्हणाला. आत बघून त्याचा चेहरा उतरला. घरातून पट्टी गायब होती आणि शिडी कोण न्यायला आलं होतं, हे बायकोनं कालच सांगितलं होतं. "माझ्या गोळ्या तू घेतल्यास?"

"तुझ्या गोळ्या घ्यायला मला काय भिकेचे डोहाळे लागलेत?"

धाकट्यानं वाद घातला नाही. गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडलं, शटर ओढलं आणि भावाला रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं आणि सरळ विचारलं, "काका, किती घेतल्या?"

"घेतली असेल एखादी."

"ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्त तयार होणंच मंदावतं. आकडा खरा सांगा. तुमचा उपचार त्यावरच ठरणार आहे."

"पण हा तर रोज घेतो! मी डोळ्यांनी बघितलंय!"

धाकट्यानं कपाळावर हात मारला. "अरे दादा, ती दुसरी! रंग तेवढा सारखा. या गोळीचा त्रास होऊ नये म्हणून जोडीला दिलेलं व्हिटॅमिन. ही मी घेतो सुट्टीच्या दिवशी, घरी. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून!"

मास्तर आतल्या खुर्चीवर बसले तेव्हासुद्धा थोरल्याला इतकं लागलं नव्हतं. भावासमोर चोर ठरायचं की मरायचं, एवढाच सवाल उरला होता.

"सात," तो म्हणाला.

त्याला भरती केलं. गोळीचा उतारा म्हणून सुया सुरू झाल्या. रक्त वर यायला आठवडा लागला. बाई रोज यायच्या आणि समजावून सांगायच्या. हा रोग शिवल्यानं लागत नाही. अंगातले रोगाशी लढणारे पहारेकरी बिथरतात, आणि महिन्यात बदलणारी कातडी चार दिवसांत बदलायला लागते. मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. कुणाला मलम पुरतं, कुणाला खास उजेडाचा शेक, कुणाला गोळी, कुणाला मोठी इंजेक्शनं.

"तुम्ही दारू पिता, लिव्हर सुजलंय. भावाची गोळी तुमच्यासाठी नाहीच. तुम्हाला उजेडाचा शेक. आठवड्यातून तीनदा इथं येऊन दिव्यांच्या पेटीत उभं राहायचं."

बाई गेल्यावर धाकटा म्हणाला, "एकदा विचारलं असतंस तर?"

"तर तू मोठा झाला असतास."

"आणि आता?"

"आता काय, झालासच मेल्या."

धाकटा हसला. थोरल्याला ते हसू सहन होईना, त्याचं स्वच्छ कोपर तर त्याहून नाही. पाठ फिरवून तो भिंतीकडे तोंड करून पडला.

"ए," तो भिंतीलाच म्हणाला, "त्या उजेडाच्या पेटीत कपडे सगळे काढावे लागतात का रे?"